टोकन पाठवू नका, आधी जाळी काढून बघा

प्रश्न : मी २५ वर्षांचा आहे. पुण्यात नोकरी करतो, धायरीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. माझी खोली १० बाय १२ फुटांची. एका मित्राच्या काकांकडे जुन्या मोठ्या स्पीकरवर ख्याल ऐकला आणि तेव्हापासून मोबाइलवर ऐकवत नाही. मुंबईत एकाने सॅन्सुई या जपानी कंपनीच्या लाकडी जाळीच्या स्पीकरची जोडी विकायला काढली आहे. १२ इंची वूफर (खालच्या स्वरांचा सर्वांत मोठा कोन), एका पेटीत पाच कोन (आवाज काढणारे गोल पडदे), किंमत २८ हजार. 'सगळं ओरिजिनल, वर्किंग कंडिशन' म्हणतो. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, ५ हजार टोकन पाठवलं तर तुमच्यासाठी ठेवतो, असंही म्हणाला. माझं एकूण बजेट ३० हजार आहे, ॲम्प्लिफायर अजून घेतलेला नाही. आई म्हणते, जुनं भंगार आणण्यापेक्षा नवा ब्लूटूथ स्पीकर घे. घेऊ का? आणि बघायला गेलो तर तपासायचं काय? मला यातलं काहीच कळत नाही.
एक वाचक, पुणे

उत्तर : टोकन पाठवू नका. विकणारा खोटारडा आहे असं मी म्हणत नाही. पण न ऐकलेल्या, न उघडलेल्या चाळीस-पन्नास वर्षं जुन्या वस्तूत पैसे अडकले, की पुढची तपासणी माणूस होकार देण्यासाठीच करतो. ट्वीटर (उंच, बारीक स्वरांचा छोटा स्पीकर) बंद निघाला तरी 'असू दे, करून घेऊ' असं तोंडातून जातं, कारण ५ हजार आधीच गेलेले असतात. दुसऱ्या गिऱ्हाइकाने घेतले तर घेऊ दे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत आखातात नोकरीला गेलेली आपल्याकडची कितीतरी माणसं परत येताना जपानी डेक, ॲम्प आणि स्पीकर घेऊन आली. आता त्या घरांतली मुलं-नातवंडं माळे रिकामे करताहेत. ही जोडी हुकली तर दुसरी येईल.

आता मूळ प्रश्न. तुमच्या खोलीसाठी आणि तुमच्या बजेटमध्ये ही जोडी घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. स्पीकर वाईट आहेत म्हणून नाही. त्या जाळीच्या पेट्यांचं सुतारकाम आजही बघत राहावं असं आहे, आणि चांगल्या अवस्थेतली जोडी मोठ्या दिवाणखान्यात सुरेख वाजू शकते. पण २८ हजार तिथेच गेले तर ॲम्पला उरतात २ हजार, आणि दुरुस्तीला काहीच नाही. जुन्या स्पीकरला दुरुस्ती लागतेच. आज नाही तर सहा महिन्यांनी. विकणाऱ्याने सांगितलेला आकडा आणि ती जोडी तुमच्या घरात नीट वाजेपर्यंत झालेला खर्च हे दोन वेगळे आकडे असतात, आणि नवखा माणूस फक्त पहिलाच बघतो.

खोलीचंही गणित आहे. १२ फूट लांबीच्या खोलीत साधारण ४७ हर्ट्झच्या आसपासचा खालचा स्वर भिंतींमध्ये अडकून फुगतो आणि १० फूट रुंदीमुळे ५६ हर्ट्झच्या आसपासचा. टाइल्सची फरशी, उघड्या भिंती, एक पलंग, एक कपाट अशा खोलीत १२ इंची वूफर नेमका तिथेच जोर लावतो, आणि तबल्याचा बायाँ सोडून नुसती गुमगुम ऐकू येते. काकांची खोली बहुधा तुमच्यापेक्षा मोठी असेल, स्पीकर भिंतीपासून पुढे असतील, खाली जाजम असेल. तुम्हाला जे आवडलं त्यात त्या खोलीचाही वाटा होता.

आणि ख्याल ऐकायला इतका मोठा वूफर लागत नाही. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज भरतो साधारण ६९ हर्ट्झला. पाच-साडेसहा इंची वूफरची बरी टू-वे (एक वूफर, एक ट्वीटर) पेटी तिथपर्यंत व्यवस्थित पोचते. गायकाचा आवाज, हार्मोनियम, सारंगी, तंबोऱ्याची जवारी हे सगळं त्याच्याही वर आहे, आणि तिथे छोटी पेटी बऱ्याचदा मोठीपेक्षा खरी बोलते. सत्तरच्या दशकात बीबीसीच्या इंजिनिअरांनी बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीतल्या अरुंद जागेसाठी एलएस३/५ए नावाचा स्पीकर तयार केला. जेमतेम फूटभर उंच पेटी, ५ इंची वूफर आणि एक छोटा ट्वीटर, बस. माणसाचा आवाज माणसासारखा ऐकू यावा हा त्यामागचा आग्रह होता. आज त्याच्या जुन्या जोड्या तुमच्या-माझ्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत, पण लहान खोलीत लहान पेटी हा त्यातला विचार फुकट घेता येतो. कोनांची संख्या मोजू नका. प्रत्येक जादा कोनासाठी आत क्रॉसओव्हरमध्ये (कुठला स्वर कुठल्या कोनाकडे जायचा हे ठरवणाऱ्या सर्किटमध्ये) आणखी कंडेन्सर, आणखी जोड, म्हणजे बिघडायला आणखी जागा.

तेव्हा शोधायचं काय, तर ऐंशी-नव्वदच्या दशकांतले टू-वे बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणारे छोटे स्पीकर. वॉर्फडेल, मिशन, सेलेस्टियन, केईएफ या इंग्लिश कंपन्यांनी तिथल्या छोट्या बैठकीच्या खोल्यांसाठी अशा पेट्या भरपूर काढल्या. वॉर्फडेलचा 'डायमंड' नावाचा छोटा स्पीकर ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा. आपल्याकडची सोनोडाइन, कोलकात्यात १९७० साली सुरू झालेली, तिच्याही जुन्या जोड्या बाजारात दिसतात. त्यांच्याकडे नुसतं देशी म्हणून नाक मुरडू नका. नाव मात्र दुय्यम धरा. मोडक्या नामवंत जोडीपेक्षा धडधाकट साधी जोडी पहिल्या खरेदीला केव्हाही बरी.

आता तपासणी. हे सविस्तर सांगतो, कारण हे एकदा हातात बसलं की तुम्हाला कुणाच्या 'वर्किंग कंडिशन'वर विसंबावं लागणार नाही.

बरोबर न्यायचं सामान थोडं आहे : मल्टिमीटर, एक १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल, दोन हात वायर, टॉर्च, कोरा कागद आणि मोबाइलमध्ये ओळखीचं गाणं. विकणाऱ्याला आधीच फोन करून सांगा की मी जाळी काढून बघणार आहे आणि तासभर ऐकणार आहे. इथे जो चिडतो किंवा 'जाळी निघत नाही' म्हणतो, त्याच्याकडे जाऊच नका. काही पेट्यांची जाळी खरंच चिकटवलेली असते, पण मग मागून वूफर बघता येईल का, हे तरी त्याने सांगायला हवं.

जाळी काढलीत की पहिली नजर वूफरच्या कोनाभोवतीच्या गोल पट्टीवर. याला सराउंड म्हणतात. ती फोमची, रबराची किंवा कापडाची असते. रबर आणि कापड पुष्कळ टिकतं. रबर फक्त कडक झालंय का, तडे गेलेत का, ते बघा. फोमची गोष्ट वेगळी. तो हवेतल्या दमटपणाने आतून सडतो, साधारण पंधरा-वीस वर्षांत संपतो, आणि मुंबई-कोकणच्या हवेत त्याहून लवकर. बोटाच्या टोकाने अगदी हलकं टेका. चिकट लागलं किंवा काळी-तपकिरी भुकटी बोटाला आली, तर फोम गेला. तो वाजवताना कदाचित अजून ठीक वाटेल, आणि घरी आणल्यावर पहिल्या मोठ्या आवाजाला फाटेल.

याची उलट बाजू फारसं कुणी सांगत नाही. १९८५च्या फोमच्या स्पीकरचा फोम आज ताजातवाना दिसत असेल, तर तो बदललेला आहे. 'ऑल ओरिजिनल' तिथेच संपलं. यात घाबरण्यासारखं काही नाही, फोम बदलणं हे रीतसर काम आहे. फक्त कोणी बदलला, केव्हा, आणि दोन्ही पेट्यांचा एकदमच बदलला का, हे विचारा. रिकोनिंग मात्र वेगळं. त्यात कोन, कॉइल (कोनाला जोडलेलं, मॅग्नेटच्या फटीत हलणारं तारेचं वेटोळं), सगळा हलणारा भाग नवा बसवतात, आणि मिळेल तो कोनपेपर लावला तर मॅग्नेट जुना आणि आवाज भलत्याच स्पीकरचा. रिकोन केलेला वूफर असेल तर मी पहिल्या खरेदीला ती जोडी सोडून देईन.

मग कॉइल. दोन्ही हातांची बोटं कोनाच्या कडेजवळ समोरासमोर ठेवा आणि सगळीकडून सारखा दाब देत कोन दोन-तीन मिलिमीटर आत ढकला. मधल्या टोपीला हात लावू नका. कोन गुपचूप आत जाऊन गुपचूप परत यायला हवा. 'खर्र' असा बारीक आवाज आला किंवा बोटांना घासल्यासारखं जाणवलं, तर कॉइल मॅग्नेटच्या फटीत घासते आहे. हा दोष वाढतोच. पेटी पूर्ण बंद असेल, मागे-पुढे भोक नसेल, तर आणखी एक गोष्ट बघता येते : सोडलेला कोन सावकाश जागेवर आला पाहिजे. टुणकन आला तर पेटीतून कुठून तरी हवा गळते. ट्वीटरच्या घुमटाला मात्र कधीही बोट लावायचं नाही.

मल्टिमीटर ओहमवर ठेवून पेटीच्या मागच्या दोन टर्मिनलना लावा. ८ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते साडेसात दाखवेल, ४ ओहमचा साधारण तीन ते चार. नेमक्या आकड्यापेक्षा दोन्ही पेट्यांचे आकडे जुळतात का, हे महत्त्वाचं. एक ६.२ आणि दुसरी ६.३ म्हणजे उत्तम. एक ६ आणि दुसरी ३.५, तर कुणीतरी वूफर बदललाय. काहीच दाखवलं नाही तर कॉइल उडालेली आहे किंवा आत वायर तुटलीय. पण एक लक्षात ठेवा : हा आकडा फक्त वूफरचा असतो. ट्वीटरच्या वाटेत कंडेन्सर असतो आणि तो मल्टिमीटरचा प्रवाह अडवतो. आकडे छान जुळले आणि ट्वीटर मात्र मेलेला, असं सहज होऊ शकतं.

सेलचं काम क्षणाचं. सेलचा प्लस लाल टर्मिनलला, मायनस काळ्याला, नुसतं टेकवायचं आणि काढायचं. कोन हलकेच बाहेर येतो. जुन्या जेबीएलमध्ये उलटा, आत जातो. ते त्या कंपनीचं तेव्हाचं धोरणच होतं. दोन्ही पेट्यांचे कोन एकाच दिशेने हलायला हवेत, एवढंच आपल्याला हवं. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात प्लग लावायची सोय नसेल तिथे हा सेल आणि मल्टिमीटर निम्मं काम करून देतात.

आता वाजवा, आणि आधी हळू आवाजात. मोठ्या आवाजात सगळेच स्पीकर दणदणीत वाटतात. दोष हळू आवाजात कळतात. कागदाची नळी करा, एक टोक कानाला आणि दुसरं ट्वीटरसमोर, त्याला न टेकवता. टाळांच्या साथीचा अभंग लावा. टाळांचा तो झणकार नळीतून स्वच्छ यायला हवा. मग दुसऱ्या पेटीला तसंच. एकीकडे झळझळीत आणि दुसरीकडे रजईखालून आल्यासारखा आला, तर त्या बाजूचा कंडेन्सर सुकलाय किंवा ट्वीटर थकलाय. मागे किंवा पुढे ट्वीटरचा आवाज कमी-जास्त करायची घुंडी असेल तर ती आधी दहा-वीस वेळा पूर्ण फिरवा. वर्षानुवर्षं न हललेल्या घुंडीत गंज चढतो आणि चांगला ट्वीटरही मुका वाटतो. हे कळल्यामुळे एखादी जोडी स्वस्तातही मिळून जाते.

तंबोऱ्याइतका कडक परीक्षक दुसरा नाही. नुसता तंबोरा पाच मिनिटं वाजू द्या. त्याच्या सलग गुंजनात पेटीचा सुटलेला सांधा, ढिली वायर, घासणारी कॉइल सगळं बाहेर पडतं. मोबाइलवर टोन जनरेटरचं एखादं मोफत ॲप मिळतं. त्यावर हळू आवाजात ४०पासून ३०० हर्ट्झपर्यंत सावकाश चढत जा आणि कुठे खडखड होते ते ऐका.

शेवटी जुनं मोनो ध्वनिमुद्रण लावा. पन्नासच्या दशकातलं कुठलंही गाणं चालेल. दोन पेट्यांच्या बरोबर मध्ये बसा. गायक तुमच्या नाकासमोर उभा राहिला पाहिजे. तो एका बाजूला सरकला तर दुसरी बाजू कमजोर आहे. तो कुठेच सापडत नसेल, आवाज पातळ आणि पसरट वाटत असेल, तर एका पेटीच्या वायर उलट लागल्या आहेत. त्या बदलून परत ऐका. तरीही तसंच असेल तर आत कुणीतरी उलटसुलट जोडणी केलेली आहे.

पेटीची तपासणी लोक विसरतात. या पेट्या बहुतेक पार्टिकल बोर्डच्या असतात, वरून लाकडाचा पातळ पापुद्रा. पावसाळ्याचं पाणी लागलं की तळ फुगतो आणि पुन्हा कधी सपाट होत नाही. म्हणून पेटी उलटी करून तळ आणि मागची खालची कड टॉर्चने बघा, बोटाने ठोकून बघा, भोकातून आत वास घ्या. मातीच्या बारीक रेघा म्हणजे वाळवी. आईचं म्हणणं इथे अगदी खरं आहे : वाळवी किंवा झुरळं घेऊन येणारी पेटी भाड्याच्या घरात आणू नये, आवाज कितीही गोड असो. ब्लूटूथ स्पीकरबद्दल मात्र आईला एवढंच दाखवा की एका डब्यातून डावं-उजवं अंतर मिळत नाही, आणि चांगली जोडी पाच वर्षं वापरून विकली तरी बरेचसे पैसे परत येऊ शकतात.

पैशांची वाटणी मी अशी करेन : १२ ते १४ हजार स्पीकरना, ८ ते १० हजार ॲम्पला, हजारभर वायरला, आणि उरलेले हात न लावता दुरुस्तीला. ॲम्प नवा घ्या, 'क्लास डी' या आटोपशीर प्रकारातला छोटा चालेल. पहिल्या खेपेला एकच वस्तू जुनी असावी, नाहीतर खरखर आली की ती कुणाची, हे शोधण्यातच महिना जातो. कुणी जपानमधून आलेला जुना ॲम्प स्वस्तात देऊ केला तर मागची पट्टी वाचा. तिथल्या घरगुती वापराचे ॲम्प १०० व्होल्टचे असतात, आपल्या २३० व्होल्टला थेट लावले की जळतात. ॲम्प निवडताना स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच ताकदीवर तो किती मोठ्याने वाजतो, हेही बघा. ९० डेसिबलच्या स्पीकरला जितकी ताकद लागते त्याच्या चौपट ८४ डेसिबलच्या स्पीकरला तेवढ्याच आवाजासाठी लागते. छोट्या ॲम्पचा आवाज शेवटपर्यंत पिळला की तो फाटतो, आणि ट्वीटर बऱ्याचदा त्या फाटक्या आवाजानेच जळतो. वायर म्हणाल तर दीड ते अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पुरेशी आहे. जुन्या युरोपीय पेट्यांना मागे दोन पिनांचं डिन सॉकेट असतं; त्याचा प्लग मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात विचारा.

कंडेन्सर सुकलेला निघाला तर जोडी नाकारायची गरज नाही. ऐकून एवढाच दोष असेल तर किंमत तेवढी कमी करून घ्या. नंतर दोन्ही पेट्यांतले कंडेन्सर एकदमच, त्याच मूल्याचे आणि बायपोलरच (प्लस-मायनसची ठरलेली बाजू नसलेले) बसवून घ्या. उघडल्यावर आधी फोटो काढा आणि काढलेले जुने भाग पिशवीत घालून जपा, पुढे विकताना घेणारा ते विचारतो. मॅग्नेटवरची लेबलं दोन्हीकडे सारखी आहेत का, हेही तेव्हाच दिसेल.

मुंबईहून आणायचे ठरले तर स्वतः जाऊन गाडीतून आणा. बसच्या डिकीत पार्सल टाकू नका. एका आदळण्यानेही मॅग्नेट सरकू शकतो आणि कॉइल कायमची अडकू शकते. मागच्या सीटवर, कोनाची बाजू सीटच्या पाठीकडे, मध्ये रजई, वरून सीटबेल्ट. घरी आणल्यावर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. भोक मागच्या बाजूला असेल तर भिंतीपासूनचं अंतर जास्तच ठेवा. पूर्ण बंद पेटी भिंतीजवळही चालते, आणि तुमच्या खोलीत जागा कमी असल्याने शक्य असेल तर तीच शोधा.

त्या मुंबईच्या गृहस्थांना आज एवढंच कळवा : 'टोकन देणार नाही. स्पीकर विकले गेले तर हरकत नाही. राहिले तर मी एका रविवारी फक्त ऐकायला आणि जाळी काढून बघायला येईन.' ते हो म्हणाले तर जरूर जा, घ्यायचे नसले तरी. मात्र घेणार नाही, हे त्यांना आधीच स्पष्ट सांगा आणि तरीही दाखवताय का ते विचारा. कित्येक जुने शौकीन आनंदाने दाखवतात, आणि पहिला वूफर दाबून बघायचा सराव न घेण्याच्या जोडीवर झालेला बरा.